दुसरा गिअर

रोडपालीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दर शनिवारी भाजीचा पिकअप यायचा. नेऱ्याच्या काशिरामदादांचा. गाडी त्यांची आणि भाजीही त्यांच्याच शेतातली. माणूस तोऱ्याचा. शिराळं कडू निघालं म्हणून तक्रार केली तर "ताई, शिराळं गोडच होतं, तुमी रागात चिरलं असंल," असं तोंडावर सांगायचे, आणि पुढच्या शनिवारी न मागता दोन जास्तीची पिशवीत टाकायचे.

गेल्या वर्षी पाऊस सरला आणि दादांचं एकच सुरू झालं. "दुसरा पडत नाय. गिअरबॉक्स गेलाय."

कळंबोलीच्या पिकअप स्टँडवर हे रडगाणं सगळ्यांचंच. कुणाचा तिसरा गिअर चढावर सुटून येतो, कुणाचा रिव्हर्स टाकताना किंचाळतो. त्या घोळक्यात दादांचा आवाज सगळ्यांत मोठा. हळूहळू बाकीच्यांच्या गाड्या दुरुस्त झाल्या. दादांचा गिअरबॉक्स मात्र सुशांत मेकॅनिकनं दोनदा खोलला, तरी तक्रार तीच. "आत काय पण नाही दादा," तो म्हणाला, तर दादांनी त्यालाच झापलं, "मंग तुलाच खोलून बगायला पायजे!" हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं.

मग त्यांच्या शेजारी कृष्णाबाई बसून येऊ लागल्या, त्यांच्या पत्नी.

"काय हो, आता वहिनींनाही कामाला लावलंत?"

"घरात भांडायला कोण नाय, म्हणून येते," दादा म्हणाले.

एकदा मी पैसे देऊन खिडकीशीच उभी होते. दादा पुटपुटले, "एक." कृष्णाबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. पहिला पडला. गाडी हलली. "दोन." दुसराही पडला, आवाजसुद्धा न होता. दादांचा डावा हात मांडीवर पडून होता, बोटं आत वळलेली.

पुढच्या खेपेला दादा वॉचमनशी गप्पा मारायला गेले, तेव्हा मी कृष्णाबाईंना हळूच विचारलं, "दाखवलंत का कुणाला?"

"गाडी? दाखवली की."

"गाडी नाही हो. हात."

त्या मेथीची जुडी उगाच सोडून पुन्हा बांधत बसल्या. "सुशांतनं गाडी फिरवून आणली तवा मी बाजूला होते. सगले गिअर पडले. त्यो माज्याकडं बगतोय, मी त्याच्याकडं. दोगंबी काय बोललो नाय." मग म्हणाल्या, "हात दाखवला तर डॉक्टर गाडी सोडा बोलंल. गाडी सोडली तर ह्या माणसाचं काय राहतं, ताई?"

मी ती जुडी घेऊन पिशवीत टाकली.

थंडीत पायही ऐकेना झाला. फाटकाच्या उतारावर क्लचवरून पाय घसरला, गाडी उसळली आणि वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन आदळली. वॉचमन आर्यन क्षणापूर्वीच गेट उघडायला उठला होता. दादा उतरले. कुणावर ओरडले नाहीत. मोडकी खुर्ची एका हातानं उभी करू लागले. ती पडायची, ते पुन्हा उभी करायचे. "राहू द्या दादा," आर्यन म्हणाला. शेवटी त्यांनी खिशातली किल्ली काढून कृष्णाबाईंच्या हातात ठेवली. "शैलेशला बोलव."

नसांचा आजार निघाला. गोळ्यांनी त्याची वाढ मंदावते, थांबत नाही.

आता त्यांचा मुलगा शैलेश गाडी आणतो. कृष्णाबाई मागे बसून वजन करतात. परवा विचारलं, "दादा कसे आहेत?"

"ओटीवर बसून असतात. गाडीचा आवाज आला की मान वर." त्यांनी तराजू खाली ठेवला. "पयल्या शनिवारी पोरगा खुशीत जाऊन बोलला, बाबा, गाडी लोण्यावानी चालते, कायच प्रॉब्लेम नाय. यांनी तोंड फिरवलं. भाकरीला हात नाय लावला. तवापासून शैलेशला शिकवून ठेवलंय."

"काय?"

"घरी गेल्या गेल्या सांगायचं, दुसरा लय अडकतो म्हणून."

शैलेश पुढे बसून ऐकत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही.

"आणि दादा काय म्हणतात?"

"बोलतात, जोर नको लावू. जरा थांब, मंग टाक."