शेवटच्या प्रकरणाला दोन कुलपं

अन्याय माझ्या आईवर आणि समोरच्या पाटलीणकाकूंवर झाला. गेल्या कार्तिक पौर्णिमेला, दिवेलागणीला, आमच्या ओट्यावर. कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

आधी पार्श्वभूमी, कारण गावात ती मुद्दाम चुकीची सांगितली जाते. आई अंगणवाडीत शिकवते. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, ती रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचते, आमच्या मोहल्ल्यातल्या बाया ऐकतात. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला. ऐकायची सवय संपली नाही. म्हणून आईनं देवळी गावच्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली आणि ओट्यावर वाचायला घेतली. डोंगरातल्या देवळातून सोन्याची मूर्ती चोरीला जाते, खून पडतात, धावत्या मालगाडीच्या टपावर मारामारी होते. संशय दोघांवर: एक पुजारी, एक भिक्खू.

पाटलीणकाकू कापूस वेचून घरी जाताना रस्त्यातच थांबून ऐकायच्या. मालगाडीच्या प्रकरणाला त्यांना राहवलं नाही, ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्या घरातलं कोणी आमच्या ओट्यावर बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मागोमाग त्यांच्या आळीतल्या बाया आल्या.

"खुनी तो भिक्खू, भंतेच हाय, पाह्य," काकू म्हणाल्या.

"भंते कायले मारतीन कोनाले? त्यायले सोन्याचं काय काम?" आमच्यातली एक म्हणाली.

"अन् पुजाऱ्याले हाय काय?"

"रोज मूर्ती तोच धुते. वजन त्यालेच माहीत!"

"बाई, तुम्ही वाचा व," काकू आईला म्हणाल्या. "हे भांडन सकाळपर्यंत चालते."

प्रकरण संपलं की काकू पोथीला करतात तसा पुस्तकाला नमस्कार करायच्या आणि साखर-फुटाणे वाटायच्या. आमच्या बाया विहारातल्यासारखं तीनदा 'साधु' म्हणायच्या. प्रकरणात कोणाचा गळा चिरलेला असला तरी. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

पौर्णिमेला काकूंनी समाप्तीचा शिरा करून आणला. त्याच वेळी विहार कमिटीचे अध्यक्ष आणि मंदिर कमिटीचे अध्यक्ष एकाच मोटरसायकलवरून आले. भोंग्याच्या वादापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"खुनाले साधुकार देऊन राह्यल्या तुम्ही?" आमचे म्हणाले.

"अन् खुनाच्या पुस्तकाले परसाद?" त्यांचे म्हणाले.

"खुनी कोन निंगते, तुम्हाले माहीत हाय काय?" आईनं विचारलं.

"कोनीबी निंगो. भावना तर दुखतेच."

दोघांपैकी एकानंही पान उघडलेलं नव्हतं. पुस्तक त्यांनी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला दोन कुलपं लावली. एक किल्ली यांच्याकडे, एक त्यांच्याकडे, कारण दुसरा आधी वाचेल अशी दोघांनाही भीती. शिरा मात्र दोघांनी खाल्ला. काकूंच्या हाताला चव आहे, असंही म्हणाले.

वाचनालयात प्रत ती एकच. दुसरी विकत आणू म्हटलं, तर आई म्हणाली, "तेबी नेतीन." मोबाईलवर शेवट शोधून सांगते म्हटलं, तर काकूंनी कानावर हात ठेवले. "तू नोको सांगू, पोरी. बाईच्या तोंडूनच ऐकीन."

तेव्हापासून काकू ओट्यावर येत नाहीत. आईनं चहाला बोलावलं तर म्हणाल्या, "बिनाकामाचं येऊन बसलं, तं घरचे इचारतीन, काऊन गेलती?" वाचन होतं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर होतं. आता त्या वेचणीवरून येतात, रस्त्यातूनच विचारतात, "उघडलं काय व बाई, कपाट?"

"नाई," आई म्हणते. काकू पुढे जातात.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. तुम्ही आमच्या गावचे असाल तर या, आणि दोन्ही किल्ल्या टेबलावर पडेपर्यंत उठू नका. गावचे नसाल आणि ती कादंबरी वाचलेली असेल, तर पाटलीणकाकूंना खुनी सांगू नका.