वालांचं ताट

अगं, इकडे माझ्याजवळ बस बघू, आल्यापासून तीनदा घड्याळ बघितलंस. मोड आलेल्या वालांचा वास सुटलाय ना, म्हणून सांगते. संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तीस वर्षं मागावर उभे राहिलेले माझे सासरे याच चाळीत, इथे दिंडोशीला, दुपारभर उंबऱ्यावर बसून आरेच्या झाडीकडे बघत राहायचे. मी दोन घरच्या पोळ्या लाटून आलेली, त्यांचे रिकामे हात दिसले की माझं डोकं फिरायचं. एका दुपारी वालांचं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं न् म्हटलं, "मामंजी, बसल्या बसल्या एवढे सोला." ते हळूच म्हणाले, "माका जरा नुसतो बसू दी गो. मागाचो आवाज अजून कानात वाजता, गप रवलंय काय थोडो कमी होता." मी म्हटलं, "मग सोला की, वाल कुठे आवाज करतात?" शेजारणी हसल्या. त्यांनी सगळे वाल सोलून दिले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याकडे न जाता स्वतःच आत येऊन विचारलं, "आज काय सोलूचा हा?" मग रोजच विचारायचे, नुसते असे पुन्हा कधी बसले नाहीत, आणि शेवटी शेवटी तर एक हात कानावर दाबूनच धरायचे. आता दुपारी त्या उंबऱ्यावर मी बसते, काही न करता, पण मागे वळून बघत नाही, ताट मागायला ते आत उभे असतील असं वाटतं. परत लवकर ये गं, काही काम काढून नको, माझ्या शेजारी नुसती बसायला ये.