पर्ल आणि शेजारचे काका

मी आणि माझा मित्र, दोघंही प्रोग्रामर, अंबडहून एसटीनं जालन्याला येत होतो. नव्वदच्या दशकाची अखेर होती. वेबसाइटसाठी जो तो पर्ल नावाची भाषा शिकत होता. माझ्या मांडीवर तिचंच जाडजूड, नवंकोरं पुस्तक.

मित्र कुरकुरला, "सगळ्यांचं पर्ल झालं, आपलंच राह्यलंय."

शेजारच्या काकांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "समद्यांनी पेरलं? इतक्या जल्दी? अजून पाऊसबी न्हाई!"

हसू आवरत आम्ही सांगितलं, ही कम्प्युटरची भाषा आहे. त्यांनी पुस्तक घेतलं, बियाण्याची पिशवी जोखावी तसं हातात तोललं. "बराबर. मंग, उगवलं का?"

गोलापांगरीला ते उतरले. आजही नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालला, की मित्राचा फोन येतो. एवढंच म्हणतो, "उगवलं."