काकांची शेवटची वैरण

माझ्या काकांना सगळे घासवाले म्हणायचे. कालव्याला पाणी आलं की ते गाईंच्या वैरणीसाठी लावलेल्या लसूणघासाचे वाफे काठोकाठ भरत. जरा हात आखडा, असं कुणी म्हटलं तर हसून विचारत, "पाणी कधी कुणाला जास्त झालंय का?"

त्याच पाण्याने हळूहळू जमीन खारावली. घास मुळाशी कुजला. मग काकांनी मका लावला, तो गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. वाफ्यांवर मिठासारखा पांढरा थर दिसू लागला आणि विकतची वैरण परवडेना.

शेवटी मी शेतकीचं शिकलेलं आठवून पॅरागवत सुचवलं. ते पाणथळ, खारट जमिनीतही तग धरतं.

"गाईंनी खाल्लं तर गाई ठेवू, नाहीतर विकू," काकू म्हणाली.

गवत जोमाने वाढलं. काकांनी पहिला भारा गव्हाणीत टाकला. जन्मभर घासावर वाढलेल्या गाईंनी तो हुंगला आणि माना फिरवल्या.

"नखरे बघा महाराण्यांचे!" काका म्हणाले.

"तुम्हीच लाडावून ठेवल्यात," काकू म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

भुकेपोटी गाई थोडं चघळू लागल्या, पण दूध निम्म्यावर आलं. एका सकाळी काकांनी मूठभर गवत म्हाताऱ्या गाईच्या तोंडाशी धरलं. तिने त्यांच्या हातावरचा खारट घाम चाटून घेतला आणि गवत तसंच ठेवलं.

काकांनी ते गवत गव्हाणीत टाकलं. मग काकूला म्हणाले, "गुरांच्या व्यापाऱ्याला बोलावून घे."