गिफ्ट म्हणजे काय

हॉटेलात दुभाष्याचं काम करणाऱ्या ताईंची जर्मन पाण्यासारखी होती. पण त्या सकाळी त्या फोनवर अडकलेल्या असताना खोल्या आवरणारी बाई काचेची बरणी घेऊन समोर आली. आत पांढरी पूड, वर रोमन अक्षरांत एकच शब्द.

"ते किडे-फुलपाखरं गोळा करणारे पाहुणे गेले. हे टेबलावर राहिलं. काय लिहिलंय, ताई?"

"गिफ्ट. भेट गं. तुझ्यासाठीच ठेवलं असेल, घेऊन जा."

बाई खुशीत घरी गेली.

दुपारी एक स्वीडिश जोडपं आलं. काउंटरजवळची 'गिफ्ट शॉप' ही पाटी बघून नवरा हसत म्हणाला, "आमच्याकडे 'गिफ्ट' हाच शब्द दोन अर्थांनी चालतो. लग्न झालेला आणि विष!" ताईही हसल्या. मूळ एकच, 'देणे'. मुलगी दिली की लग्न, हौसेनं दिलं की भेट, औषधाचा घोट म्हणून दिलं की... जर्मनमध्येही विषच.

ताईंना सकाळची बरणी आठवली. पाहुणा जर्मन होता, किडे मारून जपणारा. शब्द जर्मन होता. आणि आपण तो इंग्रजीत वाचला!

बाईचा फोन लागेना. ताई टॅक्सी करून तिच्या घरी निघाल्या. बाईच्या घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. साखर समजून चहात घातली असेल तर?

दार सासूनं उघडलं. आत चहा उकळत होता.

"बरणी कुठंय? कुणी काही खाल्लं का?"

"अगंबाई, बसा तरी! ती बाहेर, खिडकीत. सून साखरेच्या डब्यात ओतायला निघालेली. मी म्हटलं, फुकट आलेलं मी पोटात घालत नाही. झाकण काढू दिलं नाही."

मागून बाई आली. ताईंनी सगळं सांगितलं तशी ती मटकन खाली बसली.

"तुम्हीच म्हणालात ना, भेट आहे म्हणून?"

"म्हणाले. न बघता म्हणाले. माझं चुकलं."

ताईंनी कुणालाही बरणीला हात लावू दिला नाही. फोन करून अग्निशमन दलाची माणसं बोलावली आणि त्यांनी बरणी नेईपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

सासूनं चहाचा कप पुढे केला. ताईंनी तो हातात घेतला, पण ओठाला लावेनात.

"साखर दुकानातून आणलेली आहे हो," सासू म्हणाली आणि स्वतः आधी एक घोट घेतला.