हौद झाकावा की नाही

बाबा गेले तो गुरुवार होता. सकाळी ते पोहले, चहा प्यायले आणि पेपर वाचायला बसले. दुपारनंतर घरात आई आणि मी राहिलो.

पोहायचे ते परसातल्या हौदात. मुलुंडला तेव्हा बैठी घरं पाडून चार मजली बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. आमच्या कुंपणाला लागून एक झालीच होती. आमचं घर मात्र अजून बैठं होतं. बाबा मालवणकडच्या खाडीकाठी वाढलेले. बादलीभर पाण्याला आंघोळ म्हणायला ते कधी तयार झाले नाहीत. बागेसाठी म्हणून त्यांनी मोठा हौद बांधून घेतला आणि त्याला एका बाजूने पायऱ्या नि उतार ठेवला. बागेच्या हौदाला उतार कशाला, असं गवंड्याने विचारलं, तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला.

आई दादरच्या चाळीत वाढलेली. ती हौदाच्या काठालाही जात नसे.

तेरावं झालं आणि तिने माळ्यावरची ताडपत्री काढली.

"बिल्डिंगची पोरं बॉल काढायला भिंतीवरून उतरतात. हे होते तोवर ठीक होतं. आता एखादं पडलं, तर काढणार कोण? मी की तू?"

बाबांच्या मुलीला पोहता येत नव्हतं, हे खरं होतं. ते पाण्यात असत तेव्हा मी काठावर पुस्तक घेऊन बसायची. पण चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून ताणलेली ती ताडपत्री मला बघवेना.

"मी शिकते," मी म्हटलं.

तेराव्यासाठी आलेले काका अजून गावी परतले नव्हते. त्यांना हे फार आवडलं. "दोन सुके नारळ आण गो," ते म्हणाले. "पोटाक बांधूया."

मी बाजारातून दोन नारळ आणले आणि ताडपत्री बाजूला सारून, हौसेने ते सुंभाने बांधून पाण्यात उतरले. नारळ बुडाले नाहीत, पण मी बुडाले. खोकत वर आले तर काका काठावर पोट धरून बसलेले.

"सोललेले आणलंस? भाजीत घालूचे आसत काय? सोडणासकट होये गो, सोडणासकट! भावाचा पोर आणि नारळ वळखणा नाय!"

नारळावर काथ्याचं जाड सोडण असतं हे मी वाचलं होतं. दुकानात ते कधी दिसलं नव्हतं.

मग काकांनी कुठूनसे सोडणासकट दोन सुके नारळ आणले आणि माझं शिक्षण सुरू झालं. "पाय मार, पाय! ताक घुसळतंस काय?" वरून बिल्डिंगच्या गॅलरीतल्या काकूही सांगायच्या, "पाय सरळ ठेव गं, सरळ!" त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, पण त्यांच्याकडे नवा रंगीत टीव्ही होता आणि त्यावर त्यांनी पोहण्याच्या स्पर्धा पाहिल्या होत्या.

महिन्याभरात मी नारळांशिवाय या काठावरून त्या काठाला जाऊ लागले. आई पायरीशी तांदूळ निवडत बसलेली असे. एका सकाळी मी विजयाने तिच्याकडे पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "पण तू दिवसभर कॉलेजात शिकवायला जातेस. पोरं दुपारी येतात."

काका म्हणाले, "वयनी, आधी परीक्षा तर घेऊया. मी बुडतंय, ही माका काढीत." आणि उतारावरच पाण्यात पालथे पडून त्यांनी अंग सोडून दिलं.

काका वजनदार, अंगाने आणि चेहऱ्यानेही बाबांसारखे. त्यांनी बुडण्याचं सोंग इतकं छान वठवलं, की मी क्षणभर नुसती बघत राहिले. तेवढ्यात तांदळाचं सूप उडालं. आई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली होती. दोन्ही हातांनी तिने काकांचा दंड धरला आणि ओढला.

"भावजी! भावजी, उठा! तुम्ही तरी—"

काका घाबरून उठून उभे राहिले. "अगो वयनी, मी बरो आसंय!"

आईने त्यांच्या दंडावर एक चापट मारली. मग खाली पाहिलं. पाणी तिच्या कमरेला होतं.

"एवढंच?" ती म्हणाली. "इतकी वर्षं एवढंच होतं?"

"या बाजूला एवढंच," मी म्हटलं. "पलीकडे खोल आहे."

तिचा पदर पाण्यावर पसरला होता. गॅलरीतल्या काकूंनी वरून विचारलं, "वहिनी, तुम्हीपण शिकताय?"

"हो," आई म्हणाली, आणि हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी ताडपत्री कुठवर घालायची ते तिनेच ठरवलं. खोल बाजूवर ती दोरांनी आवळून बांधली. उताराची बाजू मोकळी सोडली. तिथे कुणी पडलं तर ती स्वतः काढणार होती.

रविवारी आम्ही खोल बाजूचीही ताडपत्री काढतो. मी पोहते. आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वरच्या काकूंशी बोलते. बाबा नाहीत. हौद आहे, आणि इतर दिवशी तो निम्मा उघडा असतो.