मागच्या पडवीचे स्पीकर

आमच्या दुकानात खुर्ची दिली की ते आधी ती उचलायचे, भिंतीपाशी न्यायचे, पाठ भिंतीला टेकवायचे आणि मगच बसायचे. बसल्यावर समोरच्याकडे बघून म्हणायचे, "पाठ सांभाळा, राव. म्होरचं काय, दिसतंच."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. निमगाव साव्याच्या अलीकडे उसात ज्यांची वस्ती आहे, ते लगेच ओळखतील. आपण त्यांना आप्पा म्हणू. असे आप्पा तुम्हीही पाहिले असतील: पांढरी टोपी, खिशाला पेन, आणि चहा आला की आधी बशीला हात लावून ती किती गरम आहे ते बघणारे.

माझं नारायणगावात टीव्ही आणि स्पीकरचं दुकान आहे. आवाज विकणं हा माझा धंदा, आणि खरं सांगू का, माझी हौससुद्धा. गिऱ्हाईक आलं की मी नाटकातल्यासारखा पडदा सारतो, दिवे मंद करतो, आणि विमान त्याच्या डोक्यावरून नेतो. माणसं मान वर करून छताकडे बघतात तेव्हा मला जो आनंद होतो, तो बिलाच्या वेळीही होत नाही.

आप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना साउंडबार दाखवला. एकट्या माणसाला तो बरा. टीव्हीखाली एक पट्टी ठेवायची, वायर एकच, भिंतीला भोक नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ह्यो आवाज म्होरून येतो," ते म्हणाले.

"टीव्ही समोरच असतो की, आप्पा."

"आन् मागनं?"

"मागून काय यायचंय?"

"त्येच तर म्हंतो मी," ते म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले.

मी त्यांना सांगितलं, की हा साउंडबार भिंतीवर आवाज आपटवतो, त्यामुळे मागूनही आल्यासारखा वाटतो. ते हसले. "म्हंजे भिंतीला खोटं बोलाया लावायचं. न्हाई चालायचं भाऊ. त्याला कळतं."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीनं बाहेर दाखवलं. आमच्याकडे बिबट्याला सगळे वाघच म्हणतात, आणि पुष्कळदा तेवढंही म्हणत नाहीत. नुसती हनुवटी पुरते.

मग सगळं बाहेर आलं. आप्पांची बायको दोन दिवाळ्यांपूर्वी गेली. भाऊ वाटण्या होऊन लांब राहायला गेले. मुलगा पुण्यात कंपनीत. मळ्यातल्या त्या लांबलचक घरात आप्पा एकटे, चारी बाजूंनी ऊस. मागच्या महिन्यात वाघानं अंगणातून कुत्रं नेलं. मुलगा गाडी घेऊन धावत आला आणि त्यानं अट घातली: पुन्हा वाघ घराला लागला, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याबरोबर. आप्पांनी शब्द दिला होता. त्यांना जायचं नव्हतं. त्या घराबाहेर त्यांना झोप लागायची नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते अजिबात खोटं वाटलं नाही.

आमच्या भागात संध्याकाळी शेतात जाणारा माणूस मोबाइलवर गाणी लावतो, मोठ्यानं. माणूस आहे हे जनावराला कळावं म्हणून. आप्पांनी त्याच्या पुढचा विचार केला होता. "गाण्याला तो आता भीत न्हाई. गाणं म्हंजे येकटा मानूस, हे त्याला पाठ झालंय. घर भरल्यालं पायजे." आणि खिशातून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला.

त्यात मुलाच्या लग्नाचं कच्चं शूटिंग होतं. गाणी घालण्याआधीचं, काटछाट न केलेलं. हळदीच्या आदल्या दिवशी शूटिंगवाल्यानं कॅमेरा घरात चालू ठेवला होता आणि तो चालूच राहिला होता. भांडी, बायका, पोरं, भावाभावांत ट्रॅक्टरवरून चाललेली वादावादी. सगळं घर त्यात बोलत होतं.

मंडळी, मी आयुष्यात बरीच कामं केली, पण त्या कामाला तोड नाही. आम्ही दोघे दुकानात बसलो आणि मी एकेक आवाज वेगळा काढून आप्पांना विचारत गेलो, की हा कुठं बसवू? पुढच्या डाव्या स्पीकरात भाऊ बसले. उजव्यात पावणे आणि चहाच्या कपबशा. मागचे दोन स्पीकर त्यांना घरात नको होते, मागच्या पडवीत हवे होते. डाव्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, म्हणजे काकू, आप्पांची गेलेली बायको. उजव्या कोपऱ्यात पोरं.

"आणि मधल्यात कोण?"

"मदी कोनी नगं. मदी मी हाय की जिता."

म्हणून शूटिंगमधला त्यांचा आवाज मी सगळीकडून काढून टाकला.

स्पीकर बसवल्यावर चाचणीसाठी मी त्यांच्या आरामखुर्चीत बसलो. दुपार होती, बाहेर लख्ख ऊन. समोर आप्पांचे भाऊ बोलत होते. कपबशी वाजली. आणि माझ्या पाठीमागून, अगदी सावकाश, एक बाई म्हणाली, "अहो, पाणी तापलंय."

तो आवाज मी स्वतःच्या हातानं कापला होता. तरी मी वळून बघितलं. आप्पा मात्र "आलो" म्हणाले, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि खरंच न्हाणीघरात गेले. आतून तांब्याचा आवाज येऊ लागला. पाणी खरंच तापलेलं होतं. चूल त्यांनीच सकाळी पेटवली असणार, हे मला मोटारसायकलवर, घरापासून बरंच लांब आल्यावर सुचलं.

त्यानंतर वाघ आला नाही. निदान आप्पा तसं सांगायचे. मुलाला फोनवर सांगताना तर आवाज चढवून सांगायचे, "कुटला वाघ आन् काय! घर कसं भरल्यालं हाय!"

त्या वर्षी ऊसतोडीला आलेल्या एका टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, त्यांच्या बांधाशेजारी पडल्या. त्यातली एक बाई पाणी मागायला आली. आप्पा म्हणाले, हांडा घेऊन जा. तिला वाटलं, घरात बाईमाणूस आहे तर त्यांना विचारून घ्यावं. ती आवाजाच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. तिथं कुणी नव्हतं. पडवीत गेली, तर काकू तिच्या डोक्यावरून म्हणाल्या, "अगं, बस की जरा." त्या बाईनं हांडा तिथंच टाकला. पुन्हा त्या टोळीतलं कुणी आप्पांच्या विहिरीवर आलं नाही.

मी हे ऐकून पोट धरून हसलो. आप्पा हसले नाहीत. "बसली असती जरा तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "ही रोज बस म्हंती. कोनच बसत न्हाई."

आता मी तुम्हाला त्या संध्याकाळचं सांगतो. उन्हाळा लागला होता. पडवीतला पोरांचा स्पीकर खरखरतो म्हणून आप्पांनी बोलावलं. मी दुपारीच दुरुस्त केला, पण चहा, मग गप्पा, मग पुन्हा चहा. दिवस मावळला. सिस्टीम चालू होती. आम्ही दोघे टीव्हीच्या खोलीत, आमच्याभोवती लग्नघर.

आणि लाईट गेली.

भरल्या घरातून माणसं एकदम उठून गेल्यासारखं झालं. मी काहीतरी विनोद करणार, तेवढ्यात आप्पा उभे राहिले आणि बायकी आवाजात म्हणाले, "अगं, हळद कालवली का?"

मला आधी हसूच आलं. मग ते दुसऱ्या खोलीत गेले आणि तिथून पोराच्या बारीक आवाजात ओरडले, "आजी, मला पन!" पुन्हा आत येऊन काकूंच्या आवाजात, "थांब, आधी देवाला." मला हातानं खूण केली, की बोला.

नाटकाची हौस मला लहानपणापासून. मी लगेच धाकट्या भावात शिरलो. "दादा, औंदा ट्रॅक्टर घ्यायचाच!" मी गरजलो. "कर्ज काय, फिटंल!" काय रंगलो मी! दोन मोठी माणसं अंधारात आठ-दहा जणांचं घर चालवत होतो.

तेवढ्यात पडवीत काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. ओलं पोतं जमिनीवर ठेवावं तसा.

मी पडवीकडच्या जाळीच्या खिडकीतून बघितलं. बाहेर अजून थोडा उजेड होता. उजव्या स्पीकरच्या खाली, फरशीवर, तो पसरून बसला होता. मान वर. त्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो स्पीकरकडे बघत होता. एक कान हलला, मग दुसरा.

माझी वाचा बसली. आप्पा माझ्या कानाशी आले. "थांबू नका," ते कुजबुजले. "गप झालं का उठतो."

मी बोललो. ट्रॅक्टर, बैल, पाणीपाळी, तोंडाला येईल ते बोललो. रंगमंचावर मला कधी इतका चांगला प्रेक्षक मिळाला नाही, आणि पुन्हा मिळू नये. आप्पा मधूनमधून काकू होत होते. एकदा ते "अगं बाई..." म्हणून थांबले. पुढचं वाक्य आठवेना. पडवीतली मान आमच्याकडे वळली. मी घाईनं ट्रॅक्टर पुन्हा चालू केला.

लाईट आली. भांडी वाजली, काकू बोलल्या, पोरं खिदळली. त्यानं डोकं पंज्यांवर ठेवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासनं." आप्पा खुर्चीत बसले. त्यांची पाठ, पहिल्यांदाच, खिडकीकडे होती. "वाटलं व्हतं, आवाजानं जाईल. ह्यो आवाजालाच आला. काय करत न्हाई. पडून ऱ्हातो. सकाळी जातो, मी फरशी धुतो."

"आणि मुलाला?"

"सांगितलं न्हाई. सांगितलं का कुलूप." ते जरा वेळ पोरांचं हसणं ऐकत राहिले. मग म्हणाले, "परीक्षा झाली का नात येतीया. आठ दिस ऱ्हायला. दोन वर्सं मागं लागलोय मी तिच्या आईच्या."

पडवीत, उजव्या कोपऱ्यात, एक लहान मूल पुन्हा पुन्हा "मला पन, मला पन" म्हणत होतं, आणि त्याच्या खाली ते जनावर डोळे मिटून पडलं होतं.

"त्याला पोरांच्या हसन्याची सवय लागली," आप्पा म्हणाले. "मीच लावली. उद्या खरं लेकरू हसत पडवीत गेलं, तर त्यो वळखंल का, ह्ये कुटलं आन् त्ये कुटलं?"

"सिस्टीम बंद करू आपण. आठवड्यात जाईल तो."

"न्हाई गेला म्हंजे?"

त्यांनी फोन उचलला आणि मुलाला लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण आप्पांचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

"तिला आनू नगंस. मीच येतो तिकडं... न्हाई, बरा हाय मी... वाघ?" त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "आला न्हाई रं. ऱ्हातोय."

त्या रात्री मला घराबाहेर पडता येणं शक्य नव्हतं. मी तिथंच राहिलो. सिस्टीम उजाडेपर्यंत चालू ठेवली. सकाळी पडवी रिकामी होती. आप्पांनी नेहमीसारखी बादली भरली, फरशी धुतली, मग आत येऊन स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. वनखात्याला कळवलं, त्यांनी पिंजरा लावला. पिंजऱ्यातली कोंबडी तशीच परत गेली. त्या आठवड्यात मुलगा आला. आप्पांनी एक पिशवी घेतली, पुढच्या सीटवर बसले, आणि जाताना काच खाली करून मला एवढंच म्हणाले, "चावी शेजारी हाय."

बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. स्पीकर उतरवून गुंडाळून ठेवा, धूळ बसंल. मी भर दुपारी गेलो. घरातले तीन काढले, वूफर कपड्यात बांधला. मग पडवीत आलो. तिथं ऊन कधीच येत नाही. मागं उंच ऊस, वर पत्रा, दिवसभर गार सावली. उजव्या कोपऱ्यातला स्पीकर काढताना एक स्क्रू हातातून निसटला. मी खाली वाकलो आणि चाचपडताना तळहात फरशीवर टेकला.

फरशी कोमट होती.

मी तसाच वाकलेला राहिलो. खिशात फोन वाजला. आप्पा होते.

"काढलं का सगळं?"

"काढतोय."

"पडवीत गेला व्हता का?"

"पडवीतच आहे."

मागं त्यांच्या नातीचा आवाज येत होता, ती काहीतरी मोठ्यानं वाचत होती.

"फरशी कशी हाय?" त्यांनी विचारलं.

समोर ऊस हलत नव्हता. एक पान नाही.

"गार आहे, आप्पा," मी म्हणालो. "एकदम गार."

"मग गेला म्हनायचा," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. माझा हात अजून फरशीवरच होता.